फटकी काढलेला समुद्र

नंदुरबारात राहून मी समुद्राचा तळ बघायची नोकरी करते असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे कुणी शहाणं माणूस उभं आहे का ते बघतात. त्यांचंही चूक नाही. आमच्या जिल्ह्याला डोंगर मिळाले, तापी मिळाली, मिरची मिळाली, उसाचे ट्रॅक्टर मिळाले. समुद्र तेवढा द्यायचा राहून गेला. तो बघायचा तर नवापूरवरून सुरतेला जायचं, तिथून पुढे डुमसला, आणि काळ्या वाळूत उभं राहून गरम भजी खायची. आमच्याकडे बहुतेकांच्या लेखी समुद्र म्हणजे ती भजीच.

तरीही पश्चिम किनाऱ्याजवळचा समुद्रतळ जनतेला घरबसल्या दिसावा म्हणून जे थोर काम झालं, त्यातलं बरंचसं एका मिरचीच्या गोदामाच्या माडीवर झालं. खाली बायका मिरचीचे देठ खुडायच्या आणि वर आम्ही कॉम्प्युटरसमोर बसायचो. मिरचीचा खकाणा जिना चढताना कुणाची परवानगी घेत नाही, त्यामुळे आमच्या कचेरीत शिंक हा हजेरीचाच प्रकार होता. मोठ्या शहरातल्या साहेबांबरोबर पहिली ऑनलाइन मीटिंग झाली तेव्हा आम्ही सगळे डोळे लाल करून, नाकाला रुमाल लावून बसलो होतो. साहेबांनी हळू आवाजात विचारलं की तुमच्याकडे कुणी गेलं का. शेठ म्हणाले, नाही, मिरचीची आवक जास्त आहे.

शेठ म्हणजे आमचे मालक. पिढ्यान्‌पिढ्या मिरचीचा व्यापार. पथारीवर वाळत घातलेली मिरची नुसती लांबून बघून तिचा भाव सांगणारा माणूस. त्यांचा भाचा शहरात कुठल्याशा कंपनीत होता. सरकारी खात्याने काम एका कंपनीला दिलं, तिने दुसऱ्या कंपनीला, दुसरीने तिसरीला, आणि असं झिरपत झिरपत ते भाच्यापर्यंत आणि भाच्याकडून मामापर्यंत आलं. माडी रिकामीच होती. शेठनी एवढंच विचारलं, ‘हाऊ माल पावसामा भिजस का?’ भिजत नाही म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. आयुष्यभर पावसाच्या धाकात धंदा केलेल्या माणसाला यापेक्षा मोठं आमिष नव्हतं.

काम समजायला अवघड नाही. पूर्वी सर्वेक्षणाचं जहाज समुद्रात एक लांबुडकं यंत्र दोराने ओढत न्यायचं. त्याला धंद्यात ‘मासा’च म्हणतात. हा मासा दोन्ही बाजूंना आवाज सोडतो, तो आवाज तळावर आपटून परत येतो, आणि त्यावरून जहाजातलं यंत्र कागदाच्या गुंडाळीवर तळाचं चित्र काढत जातं. दगडासारखं कठीण काही असलं की कागद काळा होतो. त्या दगडाच्या पाठीमागे आवाज पोचतच नाही, म्हणून तिथे कागद कोराच राहतो. वाळूवर बॅटरी आडवी धरली की खड्याच्या मागे सावली पडते ना, तीच ही सावली, फक्त काळीऐवजी पांढरी. सावली जितकी लांब, तितकी वस्तू उंच.

अशा गुंडाळ्या त्या सरकारी खात्याच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून होत्या. त्या बघायच्या तर आधी अर्ज, मग अर्जाबद्दल अर्ज. समुद्राचा तळ सर्वांचा असला तरी कपाटाची किल्ली एकाचीच होती. मग कुणाच्या तरी मनात आलं की हे सगळं ऑनलाइन नकाशावर टाकावं. कुणीही फोन उघडावा, बोटांनी चित्र मोठं करावं आणि तळ बघावा. गुंडाळ्यांचे फोटो काढून ते हार्डडिस्कमधून आमच्याकडे आले. जहाज कुठून कुठे गेलं ते कागदाच्या कडेला छापलेलं असायचं. त्यावरून एकेक पट्टी नकाशावर तिच्या जागी बसवायची, शेजारच्या पट्टीला जोडायची, आणि सगळं नीट झालं की लोकांसाठी खुलं करायचं. हे शेवटचं काम माझं होतं.

माझ्याकडे ते कसं आलं, तर नकाशांचा एक कोर्स केलेली माझ्याशिवाय दुसरी कुणी शेठना त्या पगारात सापडली नाही. आम्ही तापीकाठचे भोई. वडील नदीत जाळं टाकायचे आणि बाजाराच्या दिवशी चणे-फुटाणे भाजून विकायचे. तेव्हा जाळं म्हणजे काय, ते तळाला अडकलं की घरात काय वातावरण असतं, हे मला कोर्समध्ये शिकावं लागलं नाही. माझा धाकटा भाऊ तर त्याच्याही पुढे गेला. नदीत मासे राहिले नाहीत म्हणून सुरतेची गाडी पकडली आणि पुढे खाली गुजरातच्या एका बंदरावर बोटीवर खलाशी म्हणून लागला. तिथले लोक त्याला ‘नदीवाला’ म्हणून चिडवायचे. ओकाऱ्या काढत, शिव्या खात, बरीच वर्षं घालवून तो त्याच बोटीचा तांडेल झाला. तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य. मालक किनाऱ्यावर पंख्याखाली असतो. समुद्रात काय ते तांडेलाचं. खानदेशातून आलेल्या माणसाच्या हाती कुणी बोट देत नाही, त्याच्या हाती दिली होती. गावी आला की तो बाकी कशाबद्दल बोलायचा नाही, पण ‘तांडेल’ हा शब्द वाक्यात कुठेतरी बसवायचाच. चहात साखर कमी पडली तरी म्हणायचा की तांडेलाला असा चहा चालत नाही.

तर आमच्या कामाकडे वळू. पहिल्या जागेच्या पट्ट्या जोडून मी पडद्यावर लावल्या आणि शेठना बोलावलं. मला वाटलं होतं, बघून थक्क होतील. तपकिरी रंगात सगळा तळ पसरलेला, वाळूच्या लाटा, मधे मधे खडकांचे काळे ठिपके आणि प्रत्येकाच्या मागे पांढरी शेपटी. शेठनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकले आणि त्यांचा चेहरा पडला.

‘बेन, हाई काय शे? बठ्ठा मालमा फटकी!’

फटकी म्हणजे रंग उडून पांढरी पडलेली मिरची. लाल ढिगात ती दिसली की भाव उतरतो, म्हणून विक्रीआधी बायका बसून ती वेचून काढतात. शेठच्या घराण्यात पांढरा डाग दिसला की हात आपोआप तिकडे जातो.

मी म्हटलं, ‘शेठ, ती फटकी नही, सावली शे. तिन्हावरथीन समजस का तठे दगड शे.’

‘सावलीले कोन विचारस?’ शेठ म्हणाले. ‘गिऱ्हाईकले माल एकसारखा पाह्यजे. काढी टाका.’

मी वाद घातला. वाळू, बॅटरी, खडा, सगळं करून दाखवलं. शेठनी शांतपणे ऐकलं आणि खाली जाऊन मजुरांना चहा सांगितला. मग मी वरच्या कंपनीला कळवलं. तिथे तर मिरचीचा संबंध नव्हता, शिकलेली माणसं होती. त्यांचं उत्तर आलं की तपासणीच्या यंत्रणेत पांढरा भाग ‘रिकामी जागा’ म्हणून धरला जातो आणि रिकामी जागा हा दोष आहे, तरी कृपया दोष दूर करावेत. म्हणजे नंदुरबारचा मिरचीवाला आणि मोठ्या शहरातलं यंत्र यांचं एकमत झालं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं हे मी ऐकून होते. इथे दोघांनी जात्यासकट भागीदारी केली होती.

सावल्या बुजवायचं काम माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याकडे गेलं. तो गावातल्या जुन्या मुसलमान घरातला. त्याचे वडील रफू करायचे. लग्नाच्या शेरवानीला पडलेलं भोक असं भरायचे की ज्याने भोक पाडलं त्यालाही सापडू नये. तीच बोटं मुलाला मिळाली होती. शेजारची वाळू उचलायची, पांढऱ्यावर टाकायची, कडा मिसळायच्या. मग खुर्ची मागे सारून तो म्हणायचा, ‘दीदी, बताओ, दाग कहाँ था?’ आणि मला खरंच सांगता यायचं नाही. सावली गेल्यावर पुढचा काळा ठिपका नुसता मळ दिसायचा, म्हणून तोही तो ओघात पुसून टाकायचा. काम इतकं सुंदर होतं की त्याला नावं ठेवायला जीभ धजावत नसे. समुद्राला इतकं नीट इस्त्री केलेलं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

वरून शाबासकीचं पत्र आलं. इतर सगळ्या ठिकाणांपेक्षा नंदुरबारचं काम स्वच्छ. शेठनी ते पत्र फ्रेम करून गोदामात लावलं, मिरचीच्या काट्याच्या वर. लोकार्पण झालं तेव्हा मोठ्या शहरात कुणीतरी बटण दाबलं आणि इथे आम्हाला फाफडा-जिलेबी मिळाली. गावभर लिंक फिरली. प्रत्येकाने फोन उघडला आणि समुद्राचा नकाशा असूनही आधी आपलं घर शोधलं. तापीकाठचे एक गुजर पाटील, केळीचे मोठे बागायतदार, मला रस्त्यात थांबवून म्हणाले, ‘त्यामा मन्ही केळी दिसत नही.’ मी सांगितलं की त्यात फक्त समुद्र आहे. ते म्हणाले, ‘मंग काय कामना?’ जनतेसाठी खुल्या केलेल्या नकाशाला जनतेचा हा पहिला अभिप्राय होता.

कामाचा होता तो माझ्या भावाच्या. त्याने फोनवर आनंदाने ओरडूनच सांगितलं, ‘ताई, तुन्हा नकाशा आम्हना ग्रुपमा टाकी दिन्हा मी. बठ्ठासले सांगं, मन्ही बहीननं काम शे!’ बंदरातल्या सगळ्या तांडेलांचा आणि मालकांचा तो ग्रुप होता. नदीवाल्याची बहीण दर्याचा नकाशा करते म्हटल्यावर त्याची छाती किती फुगली असेल ते मला इथे बसून दिसत होतं. मी त्याला म्हटलं की फार भरवसा ठेवू नकोस, थोडी साफसफाई केली आहे. तो म्हणाला, सफाई तर चांगलीच असते. मीही मग जास्त खोलात शिरले नाही. त्याचा आवाज इतका खूश होता.

त्यानंतर पावसाळा गेला, बोटी पुन्हा सुटल्या. एका भर दुपारी, समुद्र शांत असताना, भावाच्या बोटीचं जाळं तळाला अडकलं. असं अडकलं की बोट एका अंगाला कलली आणि फळीवरची माणसं घसरत कठड्याशी गेली. भावाने दोर तोडायला सांगितलं. अर्धं जाळं खाली राहिलं, उरलेलं चिंध्या होऊन वर आलं, आणि माणसं सगळी धड राहिली. बंदरावर येऊन त्याने मालकाला जागा सांगितली, तिथे खाली काहीतरी मोठं आहे म्हणाला.

मालकाने खिशातून फोन काढला, ती जागा नकाशावर टाकली आणि फोन त्याच्यासमोर धरला. ‘नक्शे में तो साफ है. कुछ भी नहीं. सरकारी नक्शा है, और तेरी बहन ने ही बनाया है ना?’

तळ अगदी साफ होता. एकसारखी वाळू, कुठे डाग नाही. मालकाने निष्कर्ष काढला की तांडेल सुकाणूवर झोपला असणार किंवा फोनवर रील बघत असणार, बोट भलतीकडे गेली, आणि आता अंगावर येऊ नये म्हणून दगडाची गोष्ट सांगतोय. त्याने नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या. तांडेल झोपतो अशी हवा एकदा बंदरात पसरली की पुढच्या बोटीचा मालक नाव विचारूनच दार लावून घेतो. भावाला बोटीवरून उतरवलं. पुन्हा खलाशी म्हणून राहतोस का, असं विचारलं म्हणे, उपकार केल्यासारखं. तो राहिला नाही.

तो घरी आला तेव्हा सकाळची गाडी होती. मी चहा ठेवला. साखर मुद्दाम कमी टाकली, काहीतरी बोलेल म्हणून. त्याने निमूटपणे पिऊन टाकला. मग कप खाली ठेवत म्हणाला, ‘ताई, एक विचारू? तुन्हा नकाशामा तठे खरंच काही नही का?’

त्याने रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने असं विचारलं, जणू मी नाही म्हटलं तर तो स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून देणार होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. शेठचा, त्या यंत्राचा, त्या शाबासकीच्या पत्राचा, सगळ्यांचा एकदम.

रविवारी गोदाम बंद असताना मी त्याला माडीवर नेलं. मूळ हार्डडिस्क अजून कपाटात होत्या. जागा शोधली, ती पट्टी उघडली. वाळूच्या मधोमध एक काळा, वाकडा ढीग आणि त्याच्या मागे लांबच लांब पांढरी सावली. बुडालेलं गलबत असेल, खडक असेल, देव जाणे. एवढी लांब सावली म्हणजे ते जे काय होतं ते चांगलंच उंच होतं. आमच्या सहकाऱ्याने त्या सावलीवर नक्की दोन-तीन दिवस घालवले असतील.

भावाने वाकून त्या सावलीवरून बोट फिरवलं. मग खुर्चीवर बसला. ‘हाईच,’ म्हणाला. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ‘मी झोपेल नव्हतू, ताई.’

मी कधी म्हटलं होतं की तू झोपला होतास? पण त्याला ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि तोवर त्याचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

सोमवारी मी शेठपुढे उभी राहिले. सगळं सांगितलं. शेठना खरंच वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता, फक्त मिरचीचा होता. पण विकलेला माल परत पोत्यात भरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पास झालेल्या कामावर बोट ठेवलं तर वरचे विचारतील की आधी काय डोळे मिटून केलं होतं? मी वरच्या कंपनीलाही लिहिलं. त्यांनी माझ्या सूचनेचं स्वागत केलं आणि पुढच्या टप्प्यात विचार करू म्हटलं. पुढचा टप्पा कधी, असं विचारल्यावर त्यांनी त्या प्रश्नाचंही स्वागत केलं.

मार्ग काढला तो रफूवाल्याने. भावाची गोष्ट कळल्यापासून तो माझी नजर टाळत होता. एका दुपारी तो शेठना म्हणाला, ‘शेठजी, अपन मिरची देठवाली भी बेचते हैं ना?’

शेठ म्हणाले, बेचते म्हणजे काय, काही गिऱ्हाईकं मुद्दाम देठासकटच मागतात. देठ असला तर माल टिकतो, बी सांडत नाही.

‘तो ये भी देठवाला बेचो.’

शेठचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा हेवा वाटला. मी सावली, खडा, बॅटरी करून दमले होते, भावाची नोकरी सांगून झाली होती. आणि त्यांना देठात सगळं समजलं. त्यांनी त्याच दिवशी भाच्याला फोन लावला. एकच माल दोन प्रतीत: एक निवडलेला, एक बिननिवडलेला. भाच्याने वर सांगितलं की ही नवी सोय आहे. वरच्यांनी त्याच्या वर सांगितलं. चूक सुधारायला वर्ष गेलं असतं. नवी सोय म्हटल्यावर पंधरवड्यात मंजूर झाली. ‘मूळ’ नावाचा एक वेगळा थर मी त्याच नकाशावर चढवला. उघडल्यावर आधी इस्त्रीचा समुद्रच दिसायचा. कोपऱ्यातलं बटण दाबलं की खरा. खरं दुसऱ्या प्रतीत का होईना, लोकांपर्यंत गेलं. शेठना पुन्हा शाबासकी मिळाली. फ्रेमवाल्याला ऑर्डर गेली.

भावाने मालकाला फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसले होते. फोन स्पीकरवर होता. त्याने बटण कुठलं दाबायचं ते समजावून सांगितलं. पलीकडून ‘हाँ, दिख रहा है’ असं आलं. मग मालक हसला.

‘कल तक नहीं था, आज आ गया? अरे, तेरी बहन के हाथ में है नक्शा. वो तो ताजमहल भी बिठा देगी वहाँ.’

मी फोन हातात घेऊन त्याला सांगू लागले की हे जुनं आहे, मूळ आहे, आधीचं आम्ही पुसलेलं होतं. तो म्हणाला, ‘बेन, मतलब मिटाते भी आप हो, लगाते भी आप हो.’ आणि फोन ठेवला. माणूस मूर्ख नव्हता. खोटा नकाशा होता तेव्हा तो सरकारचा होता. खरा झाला तेव्हा तो नदीवाल्याच्या बहिणीचा झाला.  

भाऊ महिनाभर घरी बसला. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात हंगामी काम आहे म्हणून गेला, ते आधीच भरलं होतं. मग नवापूरला एका पोल्ट्रीत लागला. दर्यावर बोट चालवणारा माणूस कोंबड्यांना पाणी देऊ लागला. आमचे नातेवाईक मोठ्या मनाने म्हणाले की चला, घराजवळ आला, कोंबड्या बुडत तर नाहीत. त्यांना मी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मधल्या काळात बंदरात काय चाललं होतं ते त्याच्या बोटीवरच्या जुन्या जोडीदाराकडून कळायचं. मालकाने नाही मानलं, पण तांडेल लोकांनी ते कोपऱ्यातलं बटण दाबून बघितलं होतं. उघडपणे कुणी काही बोललं नाही. मालकाच्या विरोधात बोलून स्वतःची बोट कोण घालवणार? पण पाण्यात गेल्यावर सगळे त्या जागेला वळसा घालायचे. इस्त्रीचा नकाशा मालकांना दाखवायला आणि मूळ स्वतःला, अशी त्यांनी वाटणी करून घेतली होती. आमच्या कचेरीलाही इतकी सरळ वाटणी सुचली नव्हती.

हंगाम संपताना मी पोल्ट्रीवर भावाला भेटायला गेले होते. शेडबाहेर बाजेवर बसलो होतो तेव्हा त्या जोडीदाराचा फोन आला. भाऊ ऐकत होता, हं हं करत होता. मग एकदम मोठ्याने हसला. कितीतरी दिवसांनी तो असा हसला होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय झालं?

अख्ख्या हंगामात तिथे एकाही बोटीचं जाळं फाटलं नव्हतं. आणि मालक आता चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांना सांगत होता की बघा, वर्षभर कुणाचं काही अडकलं का? तिथे काही असतं तर अडकलं नसतं? मी तेव्हाच म्हटलं होतं, तो झोपला होता.

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता त्या ग्रुपवर लिहिते, सगळ्या तांडेलांना विचारते, वळसा घालता की नाही ते सांगा म्हणून. भावाने माझ्या हातातला फोन हळूच काढून घेतला.

‘लिखू नको. त्या बिचारासनी बोटी जातीन.’

‘मंग तुले राग नही येत?’

‘येस ना. रोज येस.’ तो शेडकडे बघत होता. आत हजारभर कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. ‘पन आते मन्हं खरं व्हवाले कोनं तरी जाळं फाटाले पाह्यजे, ताई. ते कसं मांगू मी?’

तो उठला आणि पाण्याच्या टाकीचा नळ सोडायला गेला. मी बाजेवरच बसून राहिले. माझ्या मनात त्या मालकाच्या बोटीसाठी काय काय येत होतं ते मी त्याला सांगितलं नाही.